सालोमीबाईची जागा

पिराप्पानं वहाणा गावच्या कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर काढल्या, आत आला आणि नव्या मातीवर उगवलेलं गवत वाकून उपटू लागला.

"हितंच खणलं व्हतं, तुज्या बापाच्या शेजारी," तो म्हणाला. "सांजपातूर वाट बघितली. मग बुजवून टाकलं."

देवदान बापाच्या कबरीजवळ येऊन उभा राहिला. ठाणाकुशनूरच्या चर्चमध्ये आत्ताच त्याच्या आईच्या, सालोमीबाईच्या आठवणीची प्रार्थना झाली होती. पाळकांनी लेकाला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर घसा बसलाय म्हणून तो उठलाच नाही. बोलली ती पिराप्पाची बायको अंबुबाई. धनगराची बाई, चर्चच्या दारातच उभं राहून म्हणाली, "माजी लेक बाणू बाळंतपणात अडली, तवा सालूबाई तिचं डोस्कं मांडीवर घिऊन बसली. तिच्या देवाला हाका मारीत. ह्या देवदानच्या पोरीची आठवण आली की शेंगदाण्याचे लाडू वळायची आन् गुलबर्ग्याच्या बसवाल्याच्या हातात द्यायची."

तीच अंबुबाई आता मागून म्हणाली, "येवढ्या उन्हात तिला गावाकडं कसं आणणार व्हतास रं? तुजं काय चुकलं न्हाई."

सकाळपासून प्रत्येक जण त्याला हेच सांगत होता.

वैशाखात आई गुलबर्ग्याच्या दवाखान्यात वारली. त्याआधी महिनाभर ती त्याच्या खोलीवर होती. मोठ्यानं प्रार्थना करू नकोस, शेजारी ऐकतात, असं त्यानं सांगितल्यापासून ती नुसते ओठ हलवायची. ती गेल्याचं कळताच ऑफिसच्या साहेबांनी आपणहून जीप पाठवली होती. पण जीप गावाला आली असती, तर ऑफिसचा ड्रायव्हर गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीपर्यंत, चर्चच्या दारापर्यंत आला असता. देवदाननं जीप परत पाठवली आणि दवाखान्यातूनच परस्पर तिला तिथल्या कबरस्तानात ठेवून आला.

"तसं न्हाई मावशी..." तो म्हणाला.

"आमाला तिची माती बघायची हाय," अंबुबाई म्हणाली. "आयतवारी येताव दोगं. घर काय म्हणून इचारायचं?"

गुलबर्ग्यात देवदान नावाचं कुणी राहतच नव्हतं. ऑफिसात आणि गल्लीत तो देवराव होता. मीच स्टँडवर येतो, तिथून थेट कबरस्तानात जाऊ, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पिराप्पा हाताची माती झटकत त्याच्याकडे बघत होता.

देवदान खाली बसला. राहिलेलं गवत उपटू लागला. मुळं खोल गेली नव्हती.

"स्टँडच्या मागं नरहररावांचं घर हाय," तो म्हणाला. "घरमालक हायत. त्यांनलाच इचारा, सालोमीबाईच्या लेकाची खोली कुठली म्हणून."

"त्यांनला म्हाईत हाय व्हय सालूबाई?"

"न्हाई," देवदान म्हणाला. "आज गेल्यावर सांगतो."