मिस आयसीच्या स्वप्नातली सुरमई

मिस आयसीनं सुरमईची तुकडी तव्यात सोडली आणि हातातलं उलथनं टेबलाकडे रोखलं.

"घरात कुणाला दिवस गेलेत?"

टेबलाशी बसलेल्यांचा बॅमीचा, कसाव्याच्या जाड भाकरीचा, घास घशातच अडकला. पहाटे मिस आयसीच्या स्वप्नात मासा आला होता, आणि आमच्या जमैकाच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्या बाईच्या स्वप्नात मासा आला, की घरात कुणाच्या तरी पोटात मूल असतंच. यावर किंग्स्टनचे डॉक्टरसुद्धा वाद घालत नाहीत. आज्या त्यांनाही आहेत.

"जन्मभर तू मासेच विकतेस, आई," मुलगी शर्ना म्हणाली. "तुझ्या स्वप्नात काय बोकड येणार?"

"विकते ते मेलेले असतात. हा जिवंत होता, उडी मारून माझ्या मांडीत पडला. शनिवारी त्या बसवाल्याबरोबर कुठं होतीस?"

"नाचायला. नाचल्यानं मुलं होत नाहीत."

"नुसतं नाचल्यानं होत नाहीत."

"माझं पोट जरा सुटलंय खरं," मुलगा ग्लेनरॉय म्हणाला.

"तुझ्या पोटात बिअर आहे. त्याला स्वप्न कशाला पडायला हवं?"

सुनेला, नॉव्हलेटला, कुणी काही विचारलं नाही. तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नव्हता. दुसऱ्या खेपेला मिस आयसीनं स्वतः विणलेलं टोपरं गुपचूप शेजारणीला देऊन टाकलं होतं. तेव्हापासून बाळाचा विषय निघाला की घरातले सगळे खिडकीबाहेर बघत. त्यांच्या या चांगुलपणाचा नॉव्हलेटला फार त्रास व्हायचा.

तिनं पाण्याचा जग टेबलावर ठेवला.

"केवढा होता मासा, मिस आयसी?"

"हा एवढा." मिस आयसीनं कोपरापर्यंत हात दाखवला.

"मग काहीतरी चुकलंय. सध्या तो मसुरीच्या दाण्याएवढाच आहे." नॉव्हलेट जगाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "शेपटी आहे मात्र. नर्सनं काल पडद्यावर दाखवली. पुढे जिरून जाते म्हणाली. आणि हृदय लुकलुकत होतं. यावेळी मला सांगायचंच नव्हतं कुणाला."

शर्ना सवयीनं खिडकीकडे वळली आणि तशीच परत फिरली. ग्लेनरॉयच्या हातातला काटाचमचा तोंडापर्यंत गेलाच नाही.

"शेपटी?" तो एवढंच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मिस आयसीनं गॅस बंद केला. सुरमईचा तवा उचलून मागच्या दारी नेऊन ठेवला, वासानं सुनेला मळमळायला नको म्हणून. मग आल्याचा तुकडा घेऊन ती पाठमोरी किसत उभी राहिली. आलं संपलं तरी किसणीवर तिचा हात चालूच होता.

"स्वप्नात तराजू नव्हता माझ्याकडे," ती शेवटी म्हणाली. "आणि जिवंत माशाचं वजन करू नये. बस, चहा टाकते."