अर्लिंडोच्या पायांना पटलेला आवाज

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. घरातल्या कपाटावर बसणारा नव्हे, मित्रांनो, मी बोटीवरचा. मोजू नदीतल्या एका लाकडी बोटीत, सुकाणूच्या मागच्या फळीवर मला स्क्रूंनी घट्ट बसवलं आहे. माझ्या अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर आता ओलाव्याचे पांढरे डाग पडले आहेत, पण आवाज अजून खणखणीत आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी बेलें शहराच्या बाजारात आलो आणि झुलेईदेबाईंनी मला विकत घेतलं. घरी जाताना मला मासळीच्या टोपल्यांपाशी ठेवायला त्यांचं मन होईना. सगळा प्रवास त्यांनी मला मांडीवर घेऊन केला. एवढं प्रेम पाहून मी मनात म्हटलं, या बाईंसाठी जीव तोडून गायचं.

माझं काम काय, ते सांगतो. गाणं माझ्याकडे एकत्र येतं. त्यात ढोलाचा घुमारा असतो, माणसाचा शब्द असतो, झांजेची किणकिण असते. मी त्यांची वाटणी करतो. या वाटणीला क्रॉसओव्हर म्हणतात. आमच्या नदीचंही तसंच आहे. मालाची मोठी बोट खोल पात्रातून जाते आणि अरुंद ओहोळात लहान होडीच शिरते. मी जड, खालचे सूर बाकाखालच्या मोठ्या स्पीकरकडे धाडतो. शब्द आणि वरचे सूर छतावरच्या लहान स्पीकरांकडे जातात. वाट कुठे फुटायची, ते माझ्या कडेच्या बारीक पेचांवर ठरतं.

आमची बोट आसाईच्या फळांच्या टोपल्या, कसाव्याच्या कंदाच्या पिठाची पोती आणि शाळेची मुलं नेत असे. माझं गाणं वळणापलीकडून ऐकू आलं, की बायका खांबांवरच्या घरांतून टोपल्या घेऊन धक्क्यावर उतरत.

एका वर्षी झुलेईदेबाईंना मोठा मान मिळाला. सांता आना या संतबाईच्या सणाला नदीतून मिरवणूक निघते. पुढच्या बोटीतून जपमाळेची प्रार्थना म्हणतात आणि मागच्या होड्यांतली, दोन्ही काठांवरची माणसं तिला उत्तर देतात. त्या वर्षी पुढची बोट आमची होती. झुलेईदेबाईंच्या आईने या मानाची जन्मभर वाट पाहिली होती. तिला तो मिळाला नव्हता.

त्यांचे पती अर्लिंडो यांना फार आनंद झाला. त्यांचं सारं आयुष्य बोटीच्या इंजिनाशेजारी गेलेलं. ते म्हणाले, "आवाज मी लावून देतो." ओहोटी होती, बोट चिखलात टेकली होती, इंजिन बंद होतं. अर्लिंडो अनवाणी फळीवर उभे राहिले आणि पेच फिरवू लागले.

"पायांना गुदगुल्या झाल्या, की समजायचं जमलं," ते म्हणाले. "आणि लहान स्पीकर म्हणून कमी का वाढायचं? सगळ्यांना सगळं मिळू दे!"

त्यांनी माझी वाटणीच मोडून टाकली. लहान स्पीकर जड सूर उचलायला गेले, जसं एखादं पोर पिठाचं पोतं उचलायला जावं. ते घरघरू लागले. मी तापलो.

रविवारी नदीत तालीम झाली. पलीकडच्या धक्क्यावर नाझिरा उभी होती. ती झुलेईदेबाईंच्या लेकीची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. म्हणून त्या दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. बोट धक्क्याला लागताच ती ओरडली, "अगं कोमाद्रे, प्रार्थना म्हणत होतीस की पोटात दुखतंय म्हणून कण्हत होतीस?"

"नीट ऐकायचं तरी! सगळी म्हटली मी."

"ऐकलं की! माझ्या कोंबड्या घाबरून माळ्यावर चढल्या. पण शब्द म्हणशील तर एक कळला नाही. मग लोक उत्तर कशाला देणार? हे असंच राहिलं, तर सणाची मंडळी आयत्या वेळी तुमची सोडून त्या वाल्दोमीरोची बोट पुढे घालतील."

"तुझ्याच कानांत मेण साठलंय, नाझिरा," अर्लिंडो चिडून म्हणाले. "इथे फळी कशी थरथरतेय बघ!"

"दादा, मी फळीने ऐकत नाही!"

सगळे हसले. झुलेईदेबाई मात्र हसल्या नाहीत. दुपारी मासे खवलताना त्या हळूच म्हणाल्या, "म्हाताऱ्या, ते पेच परत लावायला हवेत."

"माझे कान गेलेत, असं सरळ सांग ना."

"कान इंजिनाने खाल्ले. आपलं पोटही त्याच इंजिनाने भरलं. मी काय बोलू?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "डोळे तर चांगले आहेत ना तुझे? मग पेच तूच फिरव."

दुसऱ्या सकाळी बोट नदीच्या मध्यावर आली. या खेपेला इंजिन चालू होतं. नाझिरा धक्क्यावर रिकामी टोपली घेऊन उभी राहिली. शब्द कळला नाही तर टोपली कमरेवर. कळला तर डोक्यावर. झुलेईदेबाई माइकवर प्रार्थना म्हणू लागल्या. अर्लिंडोंचा एक हात माझ्या पेचावर होता आणि नजर टोपलीवर.

त्यांनी मोठ्या स्पीकरची वाट थोडी आवळली. टोपली कमरेवरच. मग लहान स्पीकरांकडे जाणारे जड सूर अडवले. लहानग्यांनी सुटकेचा श्वास टाकला, माझंही अंग निवलं. टोपली खांद्यापर्यंत आली. आणखी केसभर फिरवलं, आणि टोपली डोक्यावर! अर्लिंडोंना राहवेना. त्यांनी पेच अजून पिळला. आवाज डासासारखा बारीक झाला आणि टोपली धप्पकन खाली आली.

"मागे घे, मागे घे!" झुलेईदेबाई हसत ओरडल्या.

"पायांना काहीच कळत नाही गं आता."

"पायांना प्रार्थना म्हणायची नाहीये!"

टोपली पुन्हा डोक्यावर गेली. मग पेच हलू नयेत म्हणून झुलेईदेबाईंनी त्यांवर नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला. तो अजून माझ्या अंगावर आहे.

मिरवणुकीच्या दिवशी आमचीच बोट पुढे होती. "नमो मरिये," झुलेईदेबाई म्हणाल्या आणि मी तो शब्द जपून पाण्यावरून पलीकडे पोहोचवला. इंजिनाशेजारी उभ्या अर्लिंडोंना धडधडीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी काठाकडे पाहिलं. घराघरांच्या ओट्यांवर माणसं उभी होती आणि त्या सगळ्यांचे ओठ एकाच वेळी हलत होते. अर्लिंडोंनी टोपी काढली. त्या ओठांकडे पाहत पाहत, एकही शब्द न चुकता, तेही उत्तर देऊ लागले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो, पण सुखात आहे. फक्त कोरड्या फडक्याने मला पुसत जा आणि माझ्यावर पिठाची पोती रचू नका. मलाही वारा लागतो. आणि कधी आवाज लावायची वेळ आली, तर आपल्याच पायांखालच्या फळीवर विसंबू नका. इंजिन चालू करा, पलीकडच्या काठावर कुणाला तरी उभं करा, आणि टोपली वर जाते का ते पाहा.