२१७ क्रमांकाचा दुसरा बिल्ला

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना बिल्ला आहे. अंगावर २१७ हा आकडा आणि त्यावर आडवी काट, एवढीच माझी ओळख.

माझा जन्म एका खाणीच्या लोहारखान्यात झाला. त्या खाणीत जितकी माणसे तितकेच बिल्ले, आणि फळीवर तितकेच खिळे. खाली उतरताना आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा, वर आल्यावर परत अडकवायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस अजून खाली. एका माणसाला एकच आकडा.

२१७ नंबरच्या माणसाला सगळे ‘मौनी’ म्हणत. घरीही तो एकटाच. त्याचा पहिला बिल्ला हरवला, म्हणून कारकुनाने मला घडवून घेतले. पण कारकून घाईचा पक्का आणि आठवणीचा कच्चा. हरवलेला बिल्ला त्याने रद्द केलाच नाही, की तो सापडला तर काय करायचे हे कुणाला सांगितलेही नाही.

वर्षभर मी मौनीच्या छातीवर राहिलो. तो बोलला तर माझ्याशीच बोलायचा.

एका दुपारी न्हाणीघर झाडणाऱ्या मावशींना मोरीच्या जाळीखाली जुना बिल्ला सापडला. त्यांनी तो चांगुलपणाने घासला आणि २१७च्या रिकाम्या खिळ्यावर अडकवला.

त्याच दुपारी विसरलेले फावडे आणायला मौनी एकटा मागे फिरला आणि बोगद्याचे छत ढासळले. त्याचा पाय दगडाखाली अडकला. मला मुठीत धरून तो म्हणाला, “घाबरू नकोस. वर तुझा खिळा रिकामा आहे. मोजतील, मग येतील.”

वर मोजले. एकही खिळा रिकामा नव्हता.

खाली उतरणाऱ्यांना दिवे देणाऱ्या खोलीतल्या बाईंकडे मात्र एक दिवा, मौनीचा, कमी आला. कारकून म्हणाला की बिल्ले पुरे आहेत, दिवा कुठेतरी राहिला असेल. बाई हलल्या नाहीत. “मौनीला सकाळी मी माझ्या हाताने दिवा दिलाय. तो वर आला असेल तर मला दाखवा.”

तीन तासांनी कुदळींचा आवाज आला. मौनी वाचला, पाय मात्र अधू झाला.

दोन बिल्ल्यांपैकी एक रद्द करायचा होता. जुना अस्सल ठरला आणि माझ्यावर छिन्नी चालली. नोकरी सोडताना मौनीने मला मागितले. रद्द मालही खाणीचाच, असे त्याला सांगण्यात आले. पुढे तो आकडा दुसऱ्याला मिळाला. मी अजून कारकुनाच्या टेबलाच्या खणात आहे, हिरवा पडलेला.

मित्रांनो, मोजा, जरूर मोजा. पण बेरीज जुळली तरी, ज्याची वाट बघणारे घरी कुणी नाही, त्याला एकदा नावाने हाक मारा. त्याची ‘ओ’ आली, की मगच दार लावा.