हार मोजते मराठीत

मराठी मंडळाचा कार्यक्रम सहा वाजता होता आणि दुपारी दोनला शलाकाच्या पेटीचा एक सूर अडकला. जे. पी. नगरहून रिक्षाने ती चामराजपेटेत विठोजींच्या दुकानात पोहोचली. विठोजींचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे, कन्नड मुलखात आलेलं. पेट्या दुरुस्त करणारी ही त्यांची तिसरी पिढी.

"स्वल्प वेळ लागेल, बस अक्का," ते म्हणाले. तासाभरात त्यांनी पेटी पुढे सरकवली. "काहीतरी वाजवून बघ."

शलाकाने संध्याकाळसाठी लिहिलेलं गाणं पेटीवर वाजवत म्हटलं. त्यात सह्याद्रीचे कडे होते, कोकणचा किनारा होता. विठोजींनी डोळे मिटून ऐकलं.

"चाल छान आहे. कोकणात किती वर्षं होतीस?"

"दोनदा गेलेय, सुट्टीत," ती ओशाळून म्हणाली. तिचा जन्म इथलाच. वडील पुण्याहून सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला आले, ते इथेच राहिले.

तेवढ्यात दारात फुलवाली थांबली. विठोजींच्या पत्नी राजलक्ष्मी बाहेर आल्या. त्यांनी कन्नडमध्ये भाव विचारला, घासाघीस केली आणि मग कोपरापासून बोटांपर्यंत हार लावत मोजू लागल्या, "एक, दोन, तीन..."

शलाका ताडकन उठली. "काकू, तुम्ही मराठीत मोजलंत."

"मग कशात मोजू? भांडते कन्नडमध्ये, मोजते मराठीत. आईपण तसंच करायची."

शलाकाने पिशवीतून वही काढली. पाच मिनिटांत पहिल्या दोन ओळी उतरल्या:

*भाव विचारते कन्नडमध्ये, हार मोजते मराठीत;*
*चामराजपेटेच्या वळणावरती गाव भेटलं ओंजळीत.*

विठोजींनी न विचारताच पेटीवर चाल धरली. पुढची कडवी भराभर सुचत गेली: बसथांब्यावरची गर्दी, कॉफीचा वास, रिक्षावाल्याचं मान हलवत "सरी, सरी", म्हणजे ठीक, ठीक. राजलक्ष्मी मध्येच शब्द सुचवत होत्या. साडेचार वाजले तेव्हा शलाकाच्या लक्षात आलं, हेच गाणं गायचं.

"चाल तुम्हालाच पाठ आहे, अण्णा. वाजवायला याल?"

विठोजींनी उत्तर द्यायच्या आत राजलक्ष्मींनी दुकानाची किल्ली हातात घेतली.

सभागृहात पहिली ओळ संपली आणि मागच्या रांगांतून, विठोजींसारख्या इथल्या जुन्या घराण्यांतल्या बायकांकडून, हसू फुटलं. दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा त्या सोबत गात होत्या. तिसऱ्यांदा पुढच्या रांगेतले पुण्या-मुंबईचे लोकही टाळ्यांचा ठेका धरत होते, आणि त्यांच्यात शलाकाचे वडील चंद्रकांत सगळ्यांत जोरात. शलाकाला आपला आवाज सभागृहभर पसरल्यासारखा वाटला. तिचा गळा इतका मोकळा पूर्वी कधीच लागला नव्हता.

ती खाली उतरली तर बायकांनी तिला घेरलंच.

"माझी लेक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला असते," एक जण म्हणाली. "तिथलं गाणं कधी लिहितेस?"

"तुम्ही नेलंत तर रविवारीच," शलाका म्हणाली.