स्टार्ट नसलेला रिमोट

राजूरला प्रवीणची ही चौथी खेप होती. पहिल्या खेपेला तिथला मोटार-रिपेरीवाला कानिफनाथ म्हणाला, मशीन माळ्यावर हाय, काढून ठेवतो. दुसऱ्या खेपेला तो पाहुण्याच्या लग्नाला गेलेला. तिसऱ्या खेपेला दुकानातच होता, पण शिडी शेजाऱ्यानं नेली होती. संगमनेरहून अकोलेमार्गे राजूर म्हणजे जाऊन येऊन अर्धा दिवस जातो, आणि शिडी शेजाऱ्याकडे आहे हे फोनवर सांगायला पैसे पडत नाहीत. प्रवीणनं हे कानिफनाथला तीनदा ऐकवलं होतं. कानिफनाथ तिन्ही वेळा हसला होता.

आज मात्र त्यानं मशीन खरंच खाली काढलं. मोटारी रिवाइंड करता करता काळ्या झालेल्या हातांनी धूळ पुसून काउंटरवर ठेवलं. पांढरं अंग, लाल झाकण, आणि बुडातूनच निघालेल्या दोन रिमोटच्या दोन वायरी. तोच व्हिडिओ गेम. प्रवीण लहान असताना एका वर्षी उसाचं बिल आलं तेव्हा त्याच्या वडलांनी, उत्तमरावांनी, नाशिकहून आणला होता, अगदी तसाच. प्रवीणच्या घरी कपाटात असली जुनी अकरा मशीनं होती, एकेका कॅसेटला स्वतंत्र प्लॅस्टिकची पिशवी होती, पण हे नव्हतं.

“तुमच्या कामाचं न्हाई पण,” कानिफनाथ म्हणाला. “दोन नंबरचा रिमोट मेलाय. मी असं करतो, दुसऱ्या मशीनचा एक नंबरचा रिमोट तोडून हितं जोडून देतो. त्याच्यावर सगळी बटनं हायेत. दोन नंबरला नाय तरी स्टार्ट नसतंच, गेम चालू करायचा न्हाईतर थांबवायचा त्यो एक नंबरवाल्यानंच.”

“नको.”

“आवं, उलट चांगलंच हाय की. दोगांना बी स्टार्ट.”

“नको म्हटलं ना! मला जसाच्या तसा पाहिजे. दोन नंबरला स्टार्ट नव्हतं म्हणजे नव्हतं. काय जुगाड लावलाय?”

कानिफनाथनं मशीन पिशवीत घातलं. जुनं जमवणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, एवढं त्याला धंद्यात कळलं होतं.

प्रवीणचं वय बेचाळीस. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या गावात घर, घरापासून दहा मिनिटांवर मळा, आणि नोकरी एका दूध संघाच्या लॅबमध्ये फॅट तपासायची. घरात आई भागिरथी आणि बायको रश्मी. या मशीनसाठी त्यानं एवढा जीव टाकला तो मात्र कपाटासाठी नाही. बहिणीसाठी. खरं तर आईसाठी, असं तो स्वतःला सांगायचा.

दीपा त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. राहुरीला दिलेली, तिथं शाळेत गणित शिकवते. आधी सुट्टी लागली की माहेरी यायची आणि चार-चार दिवस राहायची. उत्तमराव गेले, त्यानंतर सहा महिन्यांनी तिनं मळ्याच्या हक्कसोडीवर सही केली, आणि तिथून काय बिनसलं कोण जाणे. चार वर्षं झाली. भाऊबीजेला येते, ओवाळते, जेवते, चारच्या गाडीनं जाते. येऊन बसली की पर्स मांडीवरच असते. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तशी बसते.

“तिला एक रात ऱ्हा म्हन ना,” भागिरथी दर वर्षी म्हणायची.

“म्हणतो की. ती ऐकते का?”

“तू म्हनतोस कुटं? तू तिला गाडीचा टाइम सांगतोस.”

यावर प्रवीण चिडायचा. चिडायला त्याला वेळ लागत नसे. सगळ्यांच्याच बहिणी सह्या करतात. गावात एक बहीण दाखवा, जिनं केली नाही. दीपा तर हसत हसत करून गेली, मग आता हे फुगणं कशाचं? पण एवढं बोलून झालं की घर गप्प व्हायचं, आणि त्या गप्पपणात प्रवीणला बहिणीची आठवण यायची. भांडकुदळ, मोठ्यांदा हसणारी दीपा त्याला परत हवी होती. ती दीपा त्याला आठवायची ती या मशीनसमोरच, चटईवर, रणगाड्यांचा गेम खेळताना. पडद्यावर खाली विटांच्या घरात एक पक्षी असायचा. दोघांनी मिळून तो वाचवायचा. प्रवीणचा रणगाडा पिवळा, दीपाचा हिरवा. एका उन्हाळ्यात ते सतराव्या स्टेजपर्यंत पोचले होते, आणि नेमकी लाइट गेली. अठरावी स्टेज दोघांनी कधीच पाहिली नाही.

म्हणून त्यानं चार दिवस घासून दोन नंबरचा रिमोट जिवंत केला. आतली रबरं स्पिरिटनं पुसली, तुटलेली वायर डाग देऊन जोडली, बटणांच्या खाचेतला मळ टाचणीनं काढला. एक नंबरच्या रिमोटला त्यानं नुसतं फडकं मारलं. दोन नंबर दीपाचा होता.

आणि मग नव्या टीव्हीला मशीनची वायर खोचायला भोकंच नाहीत, हे लक्षात आलं.

मधे जोडायची एक डबी ऑनलाइन मागवली. चित्र आलं. पण बटण दाबल्यावर रणगाडा निवांत विचार करून हलायचा, तोवर शत्रूची गोळी बसलेली. प्रवीणनं डबी भिंतीवर आपटली.

“आपला जुना डबा टीव्ही कुठंय?”

“मागच्या दिवाळीत भंगारात दिला,” रश्मी म्हणाली. “आणि माझ्याकडं बघू नका. टेम्पोत उचलून तुम्हीच ठेवला होतात.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. गावात त्यानं पाच घरं पालथी घातली. एकाच्या टीव्हीत उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, एकाचा चालू होता पण पडदा नुसताच हिरवा. शेवटी पाचव्यांदा राजूर. कानिफनाथच्या दुकानात त्याचा स्वतःचा डबा टीव्ही होता. त्यावर तो दिवसभर बातम्या लावून ठेवायचा.

“इकत न्हाई मी ह्यो,” तो म्हणाला. मग प्रवीणच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, “भाऊबीज झाली की आनून द्या.”

भाऊबीजेला दीपा अकराच्या सुमाराला आली. पाटाभोवती रांगोळी काढली होती. तिनं ओवाळलं, त्यानं साडी दिली, जेवणं झाली. पर्स मांडीवर. “नणंदा यायच्यात संध्याकाळी,” ती म्हणाली. दर वर्षी हेच म्हणते. प्रवीणनं आणखी वाट पाहिली नाही, टीव्हीवरची चादर खस्सकन ओढली.

“अय्या!” दीपा ओरडली. “दादा, हे कुठून आणलंस?”

आणि ती हसली. जुनं, मोठं हसू. उठताना तिनं पर्स खुर्चीवर ठेवली. प्रवीणनं पर्सकडे पाहिलं, आणि पाच खेपांचा शिणवटा कुठल्या कुठं गेला.

तिनं कॅसेट उचलली आणि पहिल्यांदा तिच्यात जोरात फुंकर मारली. कॅसेटमध्ये फुंकायचं नाही, ओल जाते, पितळ गंजतं, हा या घरातला कडक नियम होता. एकदा यावरून रश्मीशी दोन दिवस अबोला झाला होता. प्रवीणनं शब्द गिळला आणि टीव्ही लावला.

चटईवर बसून त्यानं एक नंबरचा रिमोट घेतला, दोन नंबरचा तिला दिला. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. हात आपणहूनच तसे गेले.

दीपानं रिमोट उलटा-सुलटा करून पाहिला. तिचा अंगठा मधोमध गेला आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवरून फिरला.

“अजून नाहीच,” ती म्हणाली.

“काय?”

“स्टार्ट.”

“दोन नंबरला नसतंच ना. ओरिजिनल आहे!” प्रवीणला सांगायला आवडतच होतं. “तो राजूरचा बाबा दुसरा रिमोट जोडून देत होता, स्टार्टवाला. मी म्हटलं अजिबात नाही. दीपाचा होता तसाच पाहिजे.”

“माझा,” दीपा म्हणाली.

खेळ सुरू झाला. पहिल्या दोन स्टेजना दोघंही बावळटासारखे मेले, मग हात बसला. भागिरथी दारात उभी राहून बघत होती. तिला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, पण तिचा चेहरा उजळला होता. चौथ्या स्टेजला प्रवीणनं सवयीनं बहिणीच्या रणगाड्यावर गोळी घातली. आपल्याच जोडीदाराला गोळी मारली की तो मरत नाही, क्षणभर जागच्या जागी गोठतो. लहानपणी दीपा पुढं निघाली की तो हेच करायचा.

“दादा!”

“चुकून गं.”

सहाव्या स्टेजला ती म्हणाली, “थांबव जरा. पाणी पिऊन येते.”

“आत्ता नको. एवढी होऊ दे.”

“दोन मिनिटं थांबव ना.”

“अगं चारच रणगाडे राहिलेत!”

ती तशीच उठून माठाकडे गेली. हिरवा रणगाडा मधोमध उभा, आणि डावीकडून गोळी आली. ती परत येईपर्यंत तिचा शेवटचा जीव गेला होता. “तरी सांगत होतो,” प्रवीण हसत म्हणाला. पुढच्या मिनिटात पक्ष्याचं घरही पडलं, आणि खेळ संपला.

दीपानं दोन नंबरचा रिमोट चटईवर ठेवला.

“तो दे इकडं.”

“कुठला?”

“एक नंबर.”

प्रवीणला राग आला. खोटं कशाला सांगा, चांगलाच आला. पाच खेपा त्याच्या, डाग त्यानं दिलेले, आणि एक नंबर तर पहिल्यापासून त्याचा. सगळं तिच्यासाठी केलं त्याचं काही नाही, आणि हिला एक नंबर पाहिजे. पण पर्स खुर्चीवर होती. त्यानं रिमोट दिला.

दीपानं स्टार्ट दाबलं. पिवळा रणगाडा आता तिचा. पडद्यावरची नजर न काढता ती बोलायला लागली. आवाज वर्गात गणित समजावताना असतो तेवढाच.

“त्या दिवशी तू फोनवर म्हणालास, उद्या अकराला रजिस्टर ऑफिसला ये. आधार आण, दोन फोटो आण. आणि ठेवून दिलास.”

“मग?”

“कशाला, ते बोलला नाहीस. परत केला तर उचलला नाहीस. मला वाटलं, आईचं काहीतरी आहे. तिच्या नावानं काही करायला लागतंय, एवढं वाईट आहे. राहुरीपासून संगमनेरपर्यंत गाडीत मी रडत आले, दादा.”

प्रवीणचा हिरवा रणगाडा भिंतीला टेकून उभा राहिला.

“तिथं टेबलावर कागद तयार. अंगठा कुठं लावायचा ते त्या माणसानं दाखवलं. तू बाहेर फोनवर होतास. कागद मळ्याचा आहे, आई बरी आहे एवढंच कळलं आणि मला इतका आनंद झाला, की मी हसत हसत सही केली.”

तिचं ते हसू प्रवीणनं चार वर्षं पुरावा म्हणून वापरलं होतं.

“अगं, पण तुला सही करायची नव्हती तर...”

“करायची नव्हती असं कुठं म्हणतेय मी?”

त्याच्या रणगाड्यासमोर शत्रूचा मोठा रणगाडा आला. गोळी सुटली. दीपानं स्टार्ट दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं, गोळीसुद्धा, हिरव्या रणगाड्यापासून बोटभर अंतरावर. दीपानं एक नंबरचा रिमोट अलगद चटईवर ठेवला, उठली, आणि दारातल्या आईला म्हणाली, “चल, मळ्यात जाऊन येऊ.”

“आत्ता गं? उनाचं?”

“आत्ताच.”

दोघी गेल्या. पायऱ्यांवर पावलं, मग फाटकाचा आवाज, मग काही नाही.

प्रवीण दोन नंबरचा रिमोट धरून बसला होता. त्यानं गोळीचं बटण दाबलं. काही होणार नाही हे त्याच्याइतकं जिल्ह्यात कुणाला माहीत नसेल, तरी त्यानं दुसरं बटण दाबलं, मग डावं, उजवं, वर, खाली, मग सगळी एकदम. अंगठा मधोमध गेला आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवरून घसरला. लहानपणी असं रोज बसत असेल ती. मे महिन्याची अख्खी सुट्टी, त्याला तहान लागेल तेव्हाच खेळ थांबणार, आणि त्याचं मन होईल तेव्हाच सुरू होणार. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेचाही संताप आला.

एक नंबरचा रिमोट हाताच्या अंतरावर पडला होता. त्यानं हात पुढं केला. बोटं वायरीला लागली. मग त्यानं हात मागं घेतला.

साडेतीन झाले. रश्मी आवरून बाहेर आली आणि गोठलेल्या पडद्याकडे बघून म्हणाली, “हे बंद करू का? उगाच लाइट जळतीय.”

“हात लावू नको.”

“दीपाताईंची चारची गाडी आहे ना? मळ्यातून कधी येणार म्हणाल्या?”

प्रवीणनं खुर्चीवरच्या पर्सकडे पाहिलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “विचारलं नाही मी.”