मामाची ओवी

आमच्या कापडे गावात लग्नाची हळद जात्यावर दळतात, आणि मामाची ओवी झाल्याशिवाय जात्याभोवती पडलेल्या हळदीला हात लावत नाहीत. पहिली मूठ मामाची. माझ्या सासूबाई, विठाबाई, ती ओवी म्हणायच्या तेव्हा शेजारच्या वाडीतल्या बायाही धावत यायच्या. त्या गेल्यावर ओवीचा मान माझ्याकडे आला.

माझी नात अंकिता हिच्या हळदीला जात्याला आंब्याची डहाळी बांधली, हळकुंडं पडली, तिचा सयाजीमामा बिरवाडीहून येऊन पाटावर बसला, आणि माझ्या तोंडून ओवीच येईना. जाऊबाई बनुबाईंकडे पाहिलं.

"मला नुसती चाल येते गो, शब्द नाय," त्या म्हणाल्या.

अंकिताने फोनवरच्या एआयला विचारलं. क्षणात उत्तर आलं. तिने वाचलं:

"मामा माझा कोकणचा, होडीतून आला,
नारळांचा हार त्याने नवरीला घातला."

"होडीतून? या डोंगरात?" बनुबाई हसून लोळायच्याच बाकी. "आनि नारलाचा हार! पोरीची मान ऱ्हाईल का रे सयाजी?"

सगळ्या खदखदल्या. "म्हणून टाका हीच," कोणीतरी म्हणालं.

"नाही," अंकिता म्हणाली. "याला आपली ओवी ठाऊक नाही, म्हणून मनाने रचली. विठापणजीच्या नावावर ही नको." मग फोनला तिने बजावलं, "तू रचू नकोस. आजीला फक्त प्रश्न विचार."

फोन विचारू लागला. ओवीतला मामा कुठून यायचा? डोंगरावरून. हातात काय? लुगडं. तो आल्याचं आधी कोणाला कळायचं?

सासूबाईंचा जात्याच्या खुंट्यावरचा हिरव्या बांगड्यांचा हात डोळ्यांपुढे आला. "गाईला!" मी ओरडले. जातं फिरलं, आणि आपसूक आलं:

"माळावरची गाय माझी हंबरली दारी,
मामा आला गो बाई, हळद दळा सारी."

बनुबाईंनी चाल उचलली, मग सगळ्यांनीच. सयाजीने डोळे पुसत मूठ भरली.

"आता होडीची पन होऊं दे," बनुबाई म्हणाल्या, "पन फोनाची हाय म्हनून सांगून!"

"ऐका हो, ही फोनची!" अंकिता ओरडली. आम्ही ती ठेक्यात म्हटली, आणि सयाजी पाटावर बसल्या बसल्या लाटण्याने होडी वल्हवू लागला.