पुढचं आपोआप

माझे सासरे, आप्पा, उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासत होते. पक्षाघाताने वाचा गेली, उजवा हात गेला, पण खोड गेली नाही. औषधाच्या खोक्यावर चूक दिसली तरी डाव्या हाताने पेन्सिलीची फुली मारायचे. नवरा बोटीवर, मी दिवसभर ऑफिसात. घरात आप्पा आणि त्यांचा कॉम्प्युटर.

बोलायचं म्हणजे टेक्स्ट एडिटरमध्ये एका बोटाने लिहायचं. ती फाइल माझ्या ऑफिसातल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडी असायची. एडिटरची एक सोय होती: सुरुवात लिहिली की पुढचे शब्द फिकट दिसत, हवे असतील तर बटण दाबून घ्यायचे. नव्या आवृत्तीत कंपनीने ती काढून टाकली. म्हणे फारसं कुणी वापरत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं! आप्पांनी चार ओळींसाठी अख्खी सकाळ घालवली आणि चिडून कीबोर्ड ढकलून दिला.

मी कॉम्प्युटरच्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, लिहून पोट भरणारी बाई. म्हटलं, "थांबा आप्पा, तुमची सोय मी परत आणते." फिकट अक्षरं मात्र काही केल्या जमेनात. मग पळवाट काढली. बोट जरा थांबलं की आप्पांच्या जुन्या लिखाणात त्यापुढे बहुतेक वेळा काय आलंय ते स्क्रिप्टने शोधायचं आणि सरळ लिहून टाकायचं. आप्पांनी वापरून पाहिलं आणि लिहिलं, "सूनबाई, छापखान्यात असतीस तर खिळे जुळवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला असता." मी जाम खूश.

त्या दुपारी ऑफिसातून नेहमीसारखं त्याच फाइलमध्ये विचारलं, "आप्पा, बरं आहे ना?"

"मी ठीक आहे. काळजी नको."

हे रोजचंच उत्तर. मी चहा घेऊन आले तर खाली तेच वाक्य पुन्हा. मग आणखी एकदा.

"आज स्वारी खुशीत दिसते," मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाले. तीही हसली.

तेच वाक्य पुन्हा आलं आणि माझं हसू विरलं. एक शब्द दोनदा आला तर लेखकाशी भांडणारा हा माणूस, तेच वाक्य परत परत लिहील? मी खुर्ची पुढे ओढली. "मी" उमटलं. जरा वेळ काही नाही. मग "ठीक आहे. काळजी नको." एका दमात येऊन पडलं.

आप्पा फक्त "मी" लिहीत होते. पुढचं सगळं माझं होतं.

त्यांचं बोट मंदावलं होतं. पुढचं अक्षर सापडायच्या आत माझी स्क्रिप्ट धावून येत होती आणि त्यांचं तोंड दाबत होती. तेवढ्यात वाक्यापुढे फुल्या उमटू लागल्या. ×××. हे चूक आहे, हे काढा, एवढंच आप्पा सांगत होते.

आमच्या घराची दुसरी किल्ली शेजारच्या शिंपीणकाकूंकडे असते. "काकू, आप्पांना काहीतरी होतंय. आधी आत जा, मग विचारा!" फोन कानाला, डोळे स्क्रीनवर. फुल्या थांबल्या. फोनमध्ये कुलूप खडखडलं, काकू धापा टाकत होत्या.

"अगं, खुर्चीतच कलंडलेत! श्वास आहे, श्वास आहे! मी गाडी बोलावते, तू थेट दवाखान्यात ये."

वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. आप्पा घरी आले त्याच दिवशी मी ती स्क्रिप्ट उडवली. आप्पांनी कीबोर्ड मागितला. माझा स्वयंपाक उरकला तेव्हा कुठे स्क्रीनवर तीन शब्द होते: "परत लाव. बोलायचंय."

"त्या मेलीने तुमचा जीव घेतला असता, आप्पा."

त्यांनी फक्त पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

लावली. पण ते एक वाक्य ती कधीच लिहिणार नाही, एवढी अट घातली. ते आप्पांनी स्वतःच, अक्षर अक्षर करून लिहायचं.

आता मी विचारते आणि काकूंचा नंबर काढून ठेवते. आज "मी" आलं. मग "ठी". तिथेच बोट अडलं. मैत्रीण काहीतरी विचारत होती, मला ऐकू येईना. माझा अंगठा नंबरावर गेला.

"क" आला.

अजून "आहे" यायचं होतं.